थोरला, मधला, धाकटा



गेल्या माघात पनवेलकडच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. काल्याच्या आदल्या रात्रीची कीर्तनसेवा माझ्याकडे होती. कीर्तन संपले, आरती झाली, पंगत उठली. मंडपात पहाऱ्याचा वीणेकरी तेवढा उभा होता आणि आम्ही चार म्हातारे खांबाला टेकून चहाची वाट पाहत होतो. इतक्यात एक तिशी-पस्तिशीचा गृहस्थ आला, पाया पडला आणि तिथेच बसून राहिला. उठेना. म्हटले, "काय आहे, बाळा?" तर म्हणाला, "महाराज, माणसाचा स्वभाव तो कितवा जन्मला त्यावर ठरतो, हे खरं का? थोरला हुकूम चालवणारा, धाकटा लाडावलेला, आणि मधला आपला कुढणारा. मोबाइलवर वाचलं. मी मधला आहे."

मी हसून म्हटले, "घरात काय झालंय ते सांग."

मग हळूहळू निघाले. भूखंडाचे प्रकरण होते. नवी मुंबईच्या वाचकांना हे निराळे सांगायला नको, पण देशावरच्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची भातशेती आणि मिठागरे नव्या शहरासाठी संपादनात गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात मोबदल्यासाठी मोठे आंदोलन झाले, गोळीबार झाला, पाच माणसे गेली. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली, ती त्या लढ्यामुळे. आता सातबाऱ्यावर घराच्या वतीने थोरल्याचे नाव लावायचे ही आपल्याकडची जुनी रीत. भात लावायचे होते तोवर त्या नावाला कोणी फारसे विचारीत नव्हते, चिखलात सगळेच उतरत. जमिनीचा भूखंड झाला, भूखंडाची इमारत झाली, तेव्हा थोरला म्हणजे सही असे झाले.

या गृहस्थाचे आणि त्याच्या थोरल्या भावाचे दोन वर्षे बोलणे नव्हते. एकाच ओटीवरून दोघे ये-जा करीत आणि एकमेकांकडे पाहत नसत. त्याला माझ्याकडून इतकेच ऐकायचे होते की बाबा रे, तुझा दोष नाही, मधले असेच असतात.

मी त्याला नेहमीचे उत्तर दिले. कितवा जन्मावे हे प्रारब्ध, ते भोगूनच संपायचे. कसे वागावे हे क्रियमाण, ते आपल्या हाती. तो मान हलवून गेला. उत्तर खोटे नव्हते, पण ते पाठ केलेले होते हे मला रात्रभर बोचत राहिले. कारण मीही मधलाच आहे, आणि या प्रश्नाने मला स्वतःला पन्नास वर्षे छळले आहे. म्हणून हा लेख.

शास्त्रापासून सुरुवात करतो, कारण माझे शिक्षण तिथले. जन्मक्रमाला आपल्या शास्त्राने फार मान दिला, हे कबूल केले पाहिजे. थोरल्याच्या आधी धाकट्याने लग्न केले तर तो परिवेत्ता, आणि ते दूषण. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वाटणीच्या वेळी थोरल्याला विसावा भाग आणि घरातली उत्तम वस्तू उद्धार म्हणून जास्त, मधल्याला त्याच्या निम्मे, धाकट्याला पाव, असा हिशेब दिला आहे. पण त्याच ठिकाणी एक शब्द येतो, तो आमच्या गुरुजींनी आम्हाला दहा वेळा घोकायला लावला होता. तो शब्द ज्येष्ठवृत्ती. थोरला जर ज्येष्ठवृत्तीने वागला तर तो आईबापाच्या जागी. तसा न वागला तर इतर नातलगांइतका त्याचा मान ठेवावा, अधिक नाही. म्हणजे स्मृतिकारालासुद्धा ठाऊक होते की थोरला जन्मणे वेगळे आणि थोरलेपण वागवणे वेगळे. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा लिहिली, तिच्यात त्यांनी हा जादा वाटा काढूनच टाकला. शास्त्रात असला तरी लोकांना तो विटाळला आहे, म्हणून आचरू नये, असे ते म्हणतात. शास्त्री माणूस लोकांचे मन बघून शास्त्र बाजूला ठेवतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. असो.

याहूनही जुनी गोष्ट ऐतरेय ब्राह्मणातली. हरिश्चंद्राचा मुलगा रोहित वरुणाला बळी द्यायचा होता. तो नकार देऊन रानात निघून गेला. तिथे हिंडत असता त्याला अजीगर्त नावाचा भुकेने पिचलेला ब्राह्मण भेटला. त्याला तीन मुलगे : शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलाङ्गूल. शंभर गायींच्या बदल्यात रोहिताऐवजी बळीसाठी एक द्यायचा. बापाने थोरल्याला धरले, हा नाही म्हणाला. आईने धाकट्याला धरले, हा नाही म्हणाली. राहिला मधला. दोघांचे त्याच्यावर एकमत झाले.

ही गोष्ट गुरुजींनी मला सांगितली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि पुस्तक मिटून बाहेर निघून गेलो होतो. त्याचे कारण सांगतो. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले, डोंगरातले. आम्ही चार भावंडे : दादा, मी, बहीण, आणि शेंडेफळ. वडील माळकरी. मी नऊ वर्षांचा असताना कृष्णाकाठच्या एका पाठशाळेचे शास्त्रीबुवा गावी आले. एखादा चुणचुणीत पोरगा द्या, दोन वेळचं जेवण आणि विद्या मिळेल, असे म्हणाले. वडिलांचा हात दादाच्या खांद्यावर होता. तो बाराचा-तेराचा, औत धरू लागला होता. धाकटा आईच्या कडेवर होता. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मुलीकडे पाहण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी एका पिशवीत दोन सदरे घालून मी शास्त्रीबुवांच्या मागे चालू लागलो. मागे वळून पाहिले तेव्हा आई धाकट्याचे नाक पुसत होती, हे चित्र माझ्या मनात इतके बसले की पुढे चार दशके मी शुनःशेपाची कथा कीर्तनाच्या उत्तररंगात लावीत आलो. बायका डोळे पुसत. मला वाटे, आपण वेद सांगतो आहोत. खरे म्हणजे मी माझे गाऱ्हाणे सांगत होतो.

दादाचे काय झाले? शेत पोट भरेना म्हणून दोनच वर्षांत त्याला मुंबईस यावे लागले. मस्जिद बंदरला गोण्या उचलू लागला. १९६९ च्या माथाडी कायद्यानंतर बोर्डात नोंद झाली, तेव्हा कुठे पगाराला ठिकाण आले. पुढे बाजार तुर्भ्याला आला, त्याच्यामागे दादा आला आणि कोपरखैरण्यात राहिला. मला पाठशाळेत पाठवायचे पैसे, बहिणीच्या लग्नाचे पैसे, धाकट्याच्या शिक्षणाचे पैसे, सगळे त्या मानेवरून उतरले. मानेच्या मागे, जिथे पोते टेकते, तिथे त्याला घट्टा पडून गाठ झाली होती. शर्टाची कॉलर त्या गाठीवर कधी नीट बसली नाही.

एकदा कोपरखैरण्यातच माझे कीर्तन होते. दादा मागे चपलांपाशी बसला होता. मी शुनःशेप लावला, रंगला. रात्री जेवताना दादा म्हणाला, "ती गोष्ट तू नेहमी सांगतोस. त्यातल्या थोरल्याचं पुढं काय झालं, ते पोथीत आहे का?"

मी घास हातात धरून आठवू लागलो. शुनःशेप सुटला, देवांची स्तुती करून सुटला, विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला, बापाकडे परत गेला नाही, ऋषी झाला. त्याचे सगळे आहे. शुनःपुच्छाचे पुढे एक अक्षर नाही. म्हटले, "नाही रे दादा, काही नाही."

"मग पोतीच उचलली असतील त्यानं," दादा म्हणाला आणि भाकरी मोडू लागला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी त्या रात्री झोपलो नाही. चाळीस वर्षे मी ज्याला बापाने धरून ठेवले त्याचा हेवा केला. धरून ठेवण्याचे मोल त्याने काय दिले हे विचारले नव्हते. मधल्याला स्वतःच्या जागेवरून घरातली बाकीची दोन ताटे भरलेलीच दिसतात. थोरल्यालाही तसेच दिसत असेल, धाकट्यालाही. त्या कथेला आणखी एक शेवट आहे तो पूर्वी मी घाईत सांगत असे, त्यानंतर नीट सांगू लागलो. विश्वामित्राला एकशे एक मुलगे होते. त्याने शुनःशेपाला सर्वांत थोरला केले. मधुच्छंदाहून मोठे पन्नास होते, त्यांना हे मानवले नाही आणि ते शापित झाले; मधुच्छंद आणि त्याच्याहून लहान पन्नास यांनी नवा थोरला मान्य केला. विकला गेलेला मधला दुसऱ्या घरी थोरला होऊ शकला, कारण बरोबर मध्यावर उभ्या असलेल्या मधुच्छंदाने आपली जागा हलू दिली.

आता आजकालचे विद्वान काय म्हणतात तेही पाहू. दादाची मुलगी मानसशास्त्र शिकली आहे. तिला मी हा प्रश्न सांगितला तेव्हा ती म्हणाली, "काका, हे मूळचं व्हिएन्नाच्या आल्फ्रेड ॲडलरचं." हे वैद्य १८७० साली जन्मले, १९३७ साली वारले, आणि स्वतः घरात दुसरे होते. त्यांचे म्हणणे असे की थोरला काही काळ एकटाच राजा असतो, दुसरे मूल आले की त्याचे सिंहासन जाते, ते दुःख त्याला जन्मभर पुरते. दुसरा सतत पुढच्याला गाठायला धावतो. शेवटल्याचे लाड होतात. ऐकायला पटते. आमच्या मंडपातल्या गृहस्थाच्या मोबाइलपर्यंत ते याच वाटेने आले असणार. पण पुतणी म्हणाली, २०१५ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनी या तीन देशांतल्या वीस हजारांवर माणसांची माहिती तपासली. कोण मनमिळाऊ, कोण चिडका, कोण नेटका, कोण बोलका, यांत जन्मक्रमाचा काही म्हणण्यासारखा ठसा सापडला नाही. हुशारीत थोरल्याच्या बाजूला थोडासा फरक मिळाला, बस्स.

मी म्हटले, "म्हणजे सगळं खोटंच?" तेव्हा तिने नॉर्वेतली दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून मी गप्प झालो. तिथे सैन्यभरतीच्या वेळी तरुणांची बुद्धी मोजतात. २००७ साली सुमारे २ लाख ४० हजार तरुणांचा हिशेब प्रसिद्ध झाला. थोरले सरासरीने दुसऱ्यांपेक्षा दोन-तीन गुणांनी पुढे. पण ज्यांचा थोरला भाऊ किंवा बहीण लहानपणीच वारली होती, म्हणून जे जन्माने दुसरे असून घरात थोरले म्हणून वाढले, त्यांचे गुण थोरल्यांइतकेच निघाले. आईच्या पोटातून कितवा आला याने फरक केला नाही. घराने त्याला कुठल्या पाटावर बसवले, त्याने केला. गुरुजींनी घोकून घेतलेला तो शब्द मला आठवला.

वाचकहो, आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. आपण सारे ज्या चार भावंडांची नावे घेऊन चालतो, त्यांचे. परंपरेच्या एका गणनेप्रमाणे निवृत्तिनाथ शके ११९५, ज्ञानदेव ११९७, सोपानदेव ११९९ आणि मुक्ताबाई १२०१. दोन-दोन वर्षांचे अंतर. आईबाप देहान्त प्रायश्चित्त घेऊन गेलेले. पोरवयात घर निवृत्तिनाथांवर पडले. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने पांगापांग झाली, ते गहिनीनाथांच्या गुहेत शिरले, कृपा झाली, आणि ती कृपा त्यांनी पाठच्या भावाला दिली. त्या भावाने शके १२१२ मध्ये गीतेवर जी टीका सांगितली तिला आज जग माऊली म्हणते. ॲडलरच्या हिशेबाने इथे थोरल्याचे सिंहासन जायला हवे होते. धाकटा भाऊ पंधराव्या वर्षी असा ग्रंथ करतो, तेव्हा थोरल्याच्या मनात काटा बोचणे किती सोपे! निवृत्तिनाथांनी काय केले? हा झाला गीतेचा अर्थ, आता तुझ्या स्वतःच्या अनुभवाचे बोल सांग, असे म्हणून आणखी ग्रंथ मागितला, तो अमृतानुभव. चांगदेवांचे कोरे पत्र आले, तेव्हाही उत्तर द्यायला त्यांनी भावालाच सांगितले, ती चांगदेवपासष्टी. आणि धाकट्याने आपल्या प्रत्येक ग्रंथाचे देणे थोरल्याच्या पायांशी नेऊन ठेवले.

मग ताटीचा प्रसंग बघा. लोकांच्या बोलण्याने विषण्ण होऊन ज्ञानदेव दार लावून बसले. दार उघडायला लावले कोणी? थोरल्या निवृत्तिनाथांनी नाही, शेंडेफळ असलेल्या मुक्ताबाईने. तिचे ते ताटीचे अभंग आपण नित्य गातो, पण गाताना तिचे वय ध्यानात घेत नाही. घरातली सर्वांत लहान पोर सर्वांत मोठ्या ज्ञानियाला समजावते आहे, आणि तो ऐकतो आहे. त्या तेवढ्या वेळापुरती ती थोरली. पुढे चौदाशे वर्षांचे म्हणून सांगितले जाणारे चांगदेव तिलाच गुरू करतात. या घरात जागा होत्या, पण कोणी आपल्या जागेला चिकटून बसला नव्हता.

आणि शेवट. कार्तिक वद्य त्रयोदशीला, शके १२१८ मध्ये, आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सासवडास सोपानदेव. पुढच्या वैशाखात तापीकाठी मुक्ताबाई. त्यानंतर ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ. सात-आठ महिन्यांत चौघे गेले, आणि थोरला सर्वांत मागे राहिला. तिघांना निरोप देऊन मग तो निघाला. त्याला निरोप द्यायला घरचे कोणी उरले नव्हते. नामदेवराय त्या वेळी जवळ होते. समाधीच्या त्यांच्या अभंगांत निवृत्तिनाथांचा शोक आवरत नाही. जन्मभर सर्वांना आवरणारा तो. मी हे प्रकरण कीर्तनात घेतो तेव्हा हल्ली मला दादाची कॉलर दिसते.

दादा तीन वर्षांपूर्वी कोपरखैरण्यातच गेला. तेराव्याला गोडाचे जेवण झाले, आणि पुढचे काय, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. साठी उलटलेला मी मधला एका दिवसात थोरला झालो. सांगायला लाज वाटते, पण आठ दिवसांत माझा आवाज बदलला. "पंप बंद केला का?", "पोरांच्या फिया भरल्या का?" असे मी गावी फोनवर विचारू लागलो. बायको म्हणाली, "अगदी भाऊजींसारखं बोलता." नॉर्वेच्या पोरांना तिथवर यायला सारे बालपण लागले असेल, मला एक आठवडा पुरला.

इथे मला बहिणीची गोष्ट सांगितली पाहिजे, ती न सांगता हा लेख संपवणे खोटे होईल.

त्या चार भावंडांतली चौथी मुलगी होती आणि तिचे नाव मुक्ता ठेवले होते. आमच्या सातारा जिल्ह्यात तिसऱ्या-चौथ्या मुलीचे नाव नकोशी, नकुसा असे ठेवीत. ही जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्ह्यात सरकारी समारंभ करून अशा दोनशेहून अधिक मुलींची नावे बदलली, त्यांना आपल्या पसंतीची नावे घेऊ दिली. म्हणजे तोवर त्या हजेरीच्या वेळी रोज तेच नाव ऐकून "हजर" म्हणत होत्या. जन्मक्रमाचा स्वभावावर परिणाम होतो का, हे त्या पोरींना विचारावे. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या दोन बाईंनी २०१७ साली दाखवून दिले की भारतातले पहिले मूल उंचीला आफ्रिकेतल्या पहिल्या मुलापेक्षा कमी नसते. दुसऱ्यापासून आपली मुले मागे पडू लागतात, आणि त्याचे मूळ थोरल्या मुलग्याच्या मायेत आहे. हा ताटात काय पडले याचा हिशेब आहे. क्रम देवाने दिला असेल. वाढणारी पळी आपल्या हातात होती.

माझ्या बहिणीचे नाव नकोशी नव्हते, एवढे पुण्य आईबापांचे. पण चौथीनंतर तिची शाळा सुटली, कारण धाकट्याला सांभाळायला कोणी नव्हते. तो मोठा झाल्यावर ती त्याला शाळेच्या दारापर्यंत पोहोचवी आणि दारातून परत येई. घरातल्या क्रमाने ती तिसरी, पण थोरल्या बाईचे काम तिने सातव्या-आठव्या वर्षापासून केले.

वडील वारले २००९ साली. वारसाच्या नोंदी करताना हक्कसोडीचा कागद आला. दादा म्हणाला, "तिला विचारू या. तिला काय पाहिजे ते तरी विचारू." मी म्हणालो, "तिला काय विचारायचं? तिचं घर भरलेलं आहे." शास्त्र शिकलेला मी. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देणारा बदल २००५ साली झाला होता आणि मला तो ठाऊक होता. विज्ञानेश्वरांचे नाव मी कौतुकाने घेत होतो. दादा माझ्या विद्येला मान देऊन गप्प बसला. थोरल्याचे ऐकून घेण्याची रीत असते. त्या दिवशी थोरल्याने मधल्याचे ऐकले आणि ते चुकीचे ऐकले. बहिणीने पदर सावरून सही केली. आम्हा सर्वांना चहा करून दिला.

दादाच्या वर्षश्राद्धानंतर मी तिच्या घरी गेलो आणि पंधरा वर्षांपूर्वी विचारायचे होते ते विचारले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भाऊ, मला जमीन कसायची नाही. पण उताऱ्यावर माझं नाव असू दे. आबांची मुलगी होते असं कुठंतरी लिहिलेलं असावं."

मी धाकट्याला बोलावले. म्हटले, दादाची मुले तयार आहेत, आपण तिघांच्या हिश्श्यांतून तिला सारखे देऊ. तो चिडला. त्याचेही अगदीच खोटे नव्हते. "तुम्ही दोघं मुंबईला, शेत मी राखलं. आईबापांचं म्हातारपण मी काढलं. मी सगळ्यांत लहान म्हणून मला कधी कुणी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. आताही सांगताच आहात." शेंडेफळाचे लाड झाले असे आम्ही जन्मभर म्हणत आलो; त्याला ते लाड म्हणजे मत न विचारणे असे वाटत होते, हे त्या दिवशी कळले.

त्याच्यावर दबाव आणावा, भाऊबंद गोळा करावेत, असे मनात आले होते. थोरलेपणाचा नवा ताठा होता तो. पण तुकोबारायांची गोष्ट आठवली. तुकोबाराय मधले. थोरले सावजी विरक्त, धाकटे कान्होबा. सावजींनी सावकारी नको म्हटली म्हणून ती मधल्यावर आली. दुष्काळात घर उद्ध्वस्त झाले, वैराग्य आले, तेव्हा तुकोबारायांनी कर्जखतांचे दोन भाग केले. अर्धी खते कान्होबाला दिली, आणि स्वतःची अर्धी इंद्रायणीत बुडवली. कान्होबाची बुडवली नाहीत. आपले वैराग्य त्यांनी भावाच्या संसारावर लादले नाही. या गोष्टीतली ती पहिली अर्धी मी कीर्तनात नेहमी भरकन सांगून पुढे जात असे.

तेव्हा मी दादाच्या मुलांना आणि धाकट्याला बाजूला ठेवले आणि माझ्या एकट्याच्या हिश्श्यातून बहिणीच्या नावे बक्षीसपत्र केले. गेल्या महिन्यात फेरफार मंजूर होऊन उताऱ्यावर तिचे नाव चढले. तिने तो कागद देवघरात ठेवला आहे, असे भाचा सांगत होता.

पनवेलकडच्या त्या गृहस्थाला मी नंतर फोन केला. त्याला म्हटले, त्या रात्रीचे माझे उत्तर सोडून दे. भावाच्या खोलीत जाऊन बस आणि भूखंडाचे नाव न काढता त्याला एवढेच विचार की थोरला म्हणून तुला काय काय सोडावं लागलं. तो म्हणाला, "महाराज, तो बोलायचाच नाही." म्हटले, नाही बोलला तर नुसता बसून ये. अजून त्याचा फोन आलेला नाही.

धाकटा माझ्यावर रुसलेला आहे. पण कार्तिकीला आळंदीला येतो, असे त्याने पुतणीकडे निरोप पाठवून कळविले आहे. दरवर्षी त्याची पथारी दादा धरून ठेवी. यंदा ती मी धरणार आहे.